माझं नाव जरा वर घ्या

स्वतःच्या पायावर धोंडा सगळेच पाडून घेतात हो. मी तो धोंडा दुसऱ्याकडून मागून आणला आणि वर थँक्यूसुद्धा म्हटलं! कसं, ते ऐका.

मी निर्मला गायकवाड, वर्तकनगरची. नोकरी सरकारी ऑफिसात झाली, हौस मात्र नाटकाची. आमच्या कॉलनीतल्या भीमजयंतीच्या स्टेजवर दरवर्षी काहीतरी करायचेच. रिटायर झाल्यावर अशाच एका नाटकात मला कुणीतरी बघितलं आणि थेट सिरीयलमध्ये घेतलं! शूटिंग घोडबंदर रोडच्या एका बंगल्यात. रोल काय, तर हिरॉईनची खाष्ट आतेसासू. रोज नाही यायची, पण आली की दोन भांडणं लावूनच जायची. झकास काम!

पहिला एपिसोड बघायला मुलगी आणि जावई आलेले. जावयाची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, त्या खास टिटवाळ्याहून आलेल्या. टायटल सुरू झालं. पहिलं नाव हिरॉईनचं. मग हिरो. मग सासू, सासरे, दीर, जाऊ... माझं काही येईना. गाणं संपत आलं आणि एकदम शेवटी पडद्यावर आलं, ‘आणि निर्मला गायकवाड’.

मी टाळ्या वाजवायला हात उचलले, तेवढ्यात विहीणबाई म्हणाल्या, “शेवटी टाकलं हो तुम्हाला!”

झालं! हात तसेच हवेत.

“शेवटी तर शेवटी,” आमचे मिस्टर म्हणाले. “आलं ना?”

“आलं हो. पण लग्नपत्रिकेत शेवटी कोण असतं? चिल्लीपिल्ली. ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ म्हणून.”

आता मला सांगा, यात चुकीचं काय होतं? पत्रिकेत कुणाचं नाव आधी, यावरून आमच्याकडे दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या घरचं पाणी पीत नव्हते! आणि ते ‘आणि’! ते आपण कधी लावतो? ‘कांदे आणा, बटाटे आणा... आणि हो, कोथिंबीर.’ आठवली म्हणून! म्हणजे मी सिरीयलची कोथिंबीर?

पुढच्या शूटिंगला मी डिरेक्टरलाच गाठलं. अमोल त्याचं नाव, माझ्या मुलीच्या वयाचा. मला ताई म्हणतो.

“अमोल, टायटलमध्ये माझं नाव शेवटी आहे.”

“हो ताई!” तो एकदम खूश. “आवडलं ना?”

बघा! वर विचारतोय, आवडलं का!

“नाही आवडलं. जरा वर घे.”

“वर? अहो, पण ती जागा...”

“जागेचं मला सांगू नकोस. तो दीर नुसता सोफ्यावर बसून चहा पितोय, आणि तो माझ्या आधी?”

“ताई, ऐका तरी. मी चॅनेलशी भांडून...”

“मग अजून एकदा भांड. पहिल्या पाच-सहांत घे. नाहीतर उद्यापासून आतेसासू आजारी!”

त्याने हातातली स्क्रिप्ट मिटली. मग म्हणाला, “नक्की ना? टायटल पुन्हापुन्हा नाही बदलता येत.”

“नक्की!”

“बरं, करतो. खरं सांगू? माझं एक मोठं टेन्शन गेलं.”

माझं नाव वर घेतल्याने याचं टेन्शन का जावं? कुणाही शहाण्या बाईला हा प्रश्न पडला असता. मला नाही पडला. मी थँक्यू म्हटलं आणि मेकअप रूममधूनच टिटवाळ्याला फोन लावला.

“विहीणबाई, सोमवारी जेवायलाच या. नवीन टायटल लागतंय. नाव वर घेतलंय माझं!”

सोमवारी दुपारी सेटवर अण्णा आले, हातात पेढ्यांचा बॉक्स. अण्णा म्हणजे आमच्या सिरीयलमधले आजोबा. उभं आयुष्य नाटकात गेलेलं, बोलणं मोजकं. ते चक्क माझ्यापुढे वाकले.

“निर्मलाताई, तोंड गोड करा. इतका मोठा त्याग मी या क्षेत्रात पाहिला नाही.”

“मी काय केलं?” पेढा तोंडात टाकत मी विचारलं.

“‘आणि’ सोडलंत!”

“सोडलं म्हणजे?”

“म्हणजे काय? पहिलं नाव नायिकेचं, दुसरं नायकाचं, ते ठरलेलंच असतं. मधली सगळी गर्दी. कुणी रुसू नये म्हणून ती कधी आद्याक्षराने लावतात, तर कधी जो आधी दिसतो त्याचं नाव आधी. पण शेवटची जागा मानाची. एकट्याचं नाव, आधी ‘आणि’, ठळक अक्षरं. त्या एका शब्दासाठी लोकांनी कामं सोडली आहेत, ताई! मी अमोलकडे कितीदा मागितला. तो म्हणायचा, नाही अण्णा, आतेसासू नवीन आहेत, पण प्रत्येक सीन त्याच खातात. ‘आणि’ त्यांचंच. आणि तुम्ही मात्र आपण होऊन...”

अण्णांचे डोळे भरून आले. माझेही आले. त्यांना वाटलं, मी भारावले.

मी धावत अमोलकडे. “अरे, आधी नाही का सांगायचं?”

“ताई, तुम्ही बोलू दिलंत कुठे?”

“मग परत कर ना!”

“करतो की. अण्णांना तुम्ही सांगता?”

पेढा अजून गिळला नव्हता मी. कुठल्या तोंडाने सांगणार?

घरी आले, तर विहीणबाई पैठणी नेसून हजर! “जयभीम विहीणबाई! आलो बरं का आम्ही.” आम्ही म्हणजे त्यांच्या बिल्डिंगमधल्या दोन बायकाही बरोबर. मीच फोनवर एवढी फुशारकी मारलेली! टीव्हीच्या अगदी समोर बसवलं तिघींना.

टायटल लागलं. हिरॉईन आली. हिरो आला. मग एकाच फ्रेममध्ये बारीक अक्षरांत सहा नावं एकदम आली आणि भुर्रकन गेली. नेमका त्याच वेळी विहीणबाईंनी चष्मा पुसायला काढलेला.

मग गाणं जरा थांबलं. पडदा मोकळा झाला. आणि सोनेरी अक्षरांत, सावकाश, एकट्या अण्णांचं नाव उमटलं. मागे सनईसुद्धा! माझ्या वेळी सनई होती? असणार. मी कोथिंबिरीच्या विचारात होते ना!

“अगं बाई, हे कोण?” टिटवाळ्याची एक बाई म्हणाली. “कुणीतरी मोठे असणार.”

“मोठेच आहेत,” मी म्हटलं.

विहीणबाईंनी चष्मा लावला आणि इकडेतिकडे बघितलं. “अहो, आणि तुमचं नाव? ते कुठे गेलं?”

मी तोंड उघडायच्या आत आमचे मिस्टर म्हणाले, “वर गेलं.”

“अरेरे!” दुसरी बाई हळहळली. “कशानं हो?”

“कशानं काय,” मी म्हटलं, “मीच घालवलं!”