लिस्बन ते व्हिएन्ना, मार्गे ग्वेल्फ

युरोपातल्या कुठल्याही दोन शहरांनी एकमेकांपासून किती अंतरावर राहायचं, हे माझ्या बायकोचे मामा कॅनडातल्या ग्वेल्फमध्ये बसून ठरवतात. स्वतः ते युरोपात उतरले आहेत फक्त विमान बदलायला, आणि तिथेही वॉशरूमच्या पलीकडे गेलेले नाहीत. उभा जन्म बिस्किटांच्या कारखान्यात मशिनं चालती ठेवण्यात गेला. रिटायर झाल्यावर त्यांनी जुन्या सामानाच्या कुठल्याशा गराज-सेलमधून एक पृथ्वीगोल उचलून आणला आणि तेव्हापासून त्यांच्यासमोर पॅरिसचं किंवा रोमचं नाव काढायची सोय राहिली नाही. लगेच मामींच्या विणकामातली लोकर गोलावर ताणली जाते, अंतर निघतं, त्याला विमानाच्या वेगाने, म्हणजे आठशेने, भागलं जातं आणि वर अर्धा तास ‘चढायला-उतरायला’ म्हणून मिळवला जातो. लोकर मामा तिथेच कापतात, त्यामुळे मामींच्या स्वेटरची एक बाही कायम कोपरापर्यंतच येते. माझ्याकडे असे बरेच स्वेटर आहेत.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायला शेजारच्या किचनर गावाहून गेलो होतो. बोलता बोलता माझ्या तोंडून अथेन्स निघालं. मामांनी माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि बर्फात अख्खा भूमध्य समुद्र कोरला.

“हे बघा जावईबापू, बार्सिलोना इथे मेलबॉक्सजवळ, अथेन्स तिकडे रिसायकलिंगच्या डब्यापाशी. पावणेतीन तास! झोप लागेपर्यंत उतरायची वेळ.”

मग मधोमध उभी राहिलेली बर्फाची इटली मोडायला त्यांचं मन होईना आणि मामींची गाडी गराजमध्ये अडकली. “अहो, डेंटिस्टला काय सांगू? वाटेत इटली आली म्हणून?” मामी दारातून ओरडल्या. इटली दुपारी आपली आपण वितळली, तेव्हा त्या निघाल्या.

या सगळ्या वेडाचं मूळ मात्र एकाच जोडीत होतं. मामांची मुलगी लिस्बनला, मुलगा व्हिएन्नाला. आई-बाबांनी घर विकून कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, जावं की नाही, यावरून दोघांचं बोलणं बंद झालं होतं. त्यांना पुन्हा एका टेबलाशी बसलेलं बघायचं, एवढंच मामांना हवं होतं. त्यांच्या मशिनवाल्या डोक्याने ठरवून टाकलं की पोरांना अंतराचा नीट अंदाज नाही, म्हणून भेट होत नाही. दर फोनवर तेच. “अगं, साडेतीन तास फक्त! टोरंटोहून व्हँकुव्हरला याहून जास्त लागतात.”

“बाबा, इट्स नॉट अबाउट द डिस्टन्स!” मुलगी वैतागून म्हणायची. मामांना ते कधी पटलं नाही.

आणि या वसंतात ती खरंच व्हिएन्नाला निघाली. त्या सकाळी मामांनी आम्हा सगळ्यांना बोलावून घेतलं. उपमा गार झाला तरी हे गृहस्थ घड्याळ बघत विमान हाकत होते. “आता स्पेन संपला. आता आल्प्स. मामी, हळू बोला!” घाबरले की ते स्वतःच्या बायकोलाही मामी म्हणतात.

अखेर फोन वाजला. स्क्रीनवर दोन चेहरे, एकाच सोफ्यावर, रडून लाल झालेले. मिनिटभरात घर विकण्यावरून दोघं पुन्हा कडाकडा भांडायला लागले आणि मध्येच हसत सुटले. मामा तल्लीन होऊन ऐकत होते. इतका सुखी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तिकडे जेवायची वेळ झाली, फोन बंद झाला. मामी काळ्या स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, “अहो, आणि इथून तिथवर किती वेळ लागतो?”

मामा चष्मा काढून पुसत राहिले.

“लांब आहे गं,” ते म्हणाले.