घरी ठेवलेली आठ मुलं

त्या दिवशी मुलं एकटी आली. परिपाठ संपला होता, मी हजेरी घ्यायला बसलो होतो आणि फाटकातून नऊ जणांची रांग आत शिरली. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले, दप्तरं डोक्यावर. रोज त्यांना घेऊन येणाऱ्या सोनाबाई बरोबर नव्हत्या. विचारलं तर त्यांची नात रोशनी म्हणाली, "आजीले ताप हाय. तिनं सांगतलं, रस्ताभर मोठ्यानं पाढे म्हणत जा." पुढे कळलं की तीन दिवस ताप अंगावर काढून त्या पाच किलोमीटर जंगलातून मुलांना आणत होत्या, आणि फाटकाशी रोज त्यांना 'नमस्कार बाई' म्हणणाऱ्या मला त्याचा पत्ता नव्हता. मी हजेरी पुरी केली. दुपारी खिचडी वाढायची वेळ झाली तेव्हा ग्रामपंचायतीचा शिपाई निरोप घेऊन आला. खाटेवर घालून त्यांना सडकेपर्यंत आणलं होतं, पण गाडी पोचायच्या आधीच... मलेरिया डोक्यात गेला होता, असं नंतर दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या. व्हरांड्यात मुलं ताटं घेऊन ओळीनं बसलेली. रोशनीला आधी सांगावं की जेवू द्यावं, हे मला ठरवता येईना. मी तिला जेवू दिलं.

याला आता दोन महिने होत आले. सोनाबाई आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष होत्या. 'आमची शाळा' म्हणजे जी आता नाही ती. जंगलातल्या एका टोल्यावरची, म्हणजे लहानशा वस्तीवरची, चौथीपर्यंतची, दोन खोल्यांची जिल्हा परिषदेची शाळा. गावाचं नाव लिहीत नाही, तीस-पस्तीस घरांच्या गावाला वर्तमानपत्रातून मिळणाऱ्या प्रसिद्धीनं आजवर काही भलं झालेलं नाही. मी मूळचा वरोऱ्याकडचा, कापसाच्या मुलखातला. गडचिरोलीची बदली आली तेव्हा घरी दोन दिवस कोणाशी बोललो नव्हतो. तिथं रुजू झालो त्याच महिन्यात समितीची निवड होती. गावातल्या पुरुषांनी सोनाबाईंचं नाव सुचवलं, कारण त्या अंगठा लावतात, सांगू तिथं लावतील. मुलगा-सून बल्लारपूरला कामाला, नात यांच्याकडे, म्हणून पालक म्हणून त्यांचं नाव बसत होतं. पुरुषांचा हिशेब पहिल्याच सभेत चुकला. मी ठरावाचं पुस्तक पुढे केलं तर त्या म्हणाल्या, "आधी वाचा. मंग पुन्हा वाचा. दोन्ही बारीले सारखंच निघालं तं अंगठा लावते." मला राग आला होता. आज त्या रागाची लाज वाटते.

दर शनिवारी त्या शाळेत येऊन मागच्या भिंतीशी बसायच्या. एकेका मुलाला पुस्तक घेऊन बोलवायच्या आणि वाचायला सांगायच्या. मूल वाचायला लागलं की पानावरच्या चित्रावर आपला तळहात ठेवायच्या. "आता वाच." निम्मी मुलं तिथंच गप्प व्हायची. चित्रात बैल दिसला की बैलाचा धडा घडाघडा म्हणणारी ही मुलं, चित्र झाकलं की अक्षरांकडे परक्या गावात आल्यासारखी बघायची. घरी सगळी गोंडी बोलणारी, मराठी त्यांना शाळेतच भेटायची. माझ्या लक्षात नोकरीच्या इतक्या वर्षांत जे आलं नव्हतं ते एक अक्षर न वाचता येणाऱ्या बाईनं ओळखलं होतं. डी.एड. झालेला माणूस मी, मान खाली घालून मुलांना पुन्हा मुळाक्षरांपासून घेतलं. रोशनी तिसरीत होती आणि चित्र झाकलं की गप्प होणाऱ्यांत ती पहिली. सोनाबाई तिला सूट द्यायच्या नाहीत, रागवायच्याही नाहीत. "पुढच्या शनवारी," एवढंच म्हणायच्या.

मार्च लागला की आमची शाळा रिकामी व्हायची. उन्हामुळे शाळा सकाळची होते, आणि मोहफुलंही सकाळीच पडतात. प्रत्येक घराची झाडं ठरलेली असतात, पहाटे पोरंसोरं टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. मी घरोघरी फिरून बोंबलायचो, कोणी ऐकायचं नाही, आणि का ऐकावं? वर्षभराचं मीठ-मिरची त्या फुलांवर येतं. सोनाबाईंनी समितीत विषय काढला. "पोरं शाळेत येऊन नाई राह्यली, तं शाळा झाडाखाली न्या ना गुरुजी. काऊन, तुमाले पाय नाई का?" सगळे हसले. आणि खरोखर आम्ही फळा गुंडाळून मोहाखाली नेला. फुलं वेचून झाली की नऊ वाजेपर्यंत तिथंच शाळा. ओली फुलं तोलायची, चार दिवसांनी वाळलेली तोलायची, किती घटली ते मुलांनी सांगायचं. वजाबाकी त्या वर्षी वर्गातल्या सगळ्यांना आली. माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं वर्ष ते. तेव्हाही भीती होतीच. वाघाच्या बातम्या चंद्रपूरच्या बाजूनं यायच्या आणि दर वर्षी थोड्या जवळच्या गावाचं नाव घेऊन यायच्या.

दुसरी भीती कागदातून यायची. पट कमी तर अनुदान कमी, अनुदान कमी तर डागडुजी नाही, आणि गळकी शाळा पाहून एखादा बाप मुलाला आश्रमशाळेत टाकणार, म्हणजे पट आणखी कमी. जे काही मिळायचं ते मार्च सरता सरता यायचं, लगेच खर्च करा अशा ताकिदीसह. "पाणी गळते जूनमंदी अन् पैसा येते मार्चमंदी," असं सोनाबाई म्हणायच्या आणि गावाला श्रमदानाला जुंपून कौलं बदलून घ्यायच्या. वीजबिल थकून शाळेची लाईन कापली गेली तेव्हा त्या तालुक्याला तीन चकरा मारून आल्या. एका चकरेत त्यांनी ऐकलं की कमी पटाच्या, बंद करायच्या शाळांची यादी तयार होते आहे. परत आल्यावर त्यांनी मला एकच विचारलं, "गुरुजी, आपली वाचन का?"

वाचेल, निकाल चांगला लागला तर, असं मी सांगितलं. माझा त्यावर विश्वास होता. आदल्या वर्षीच्या चाचणीत केंद्रातल्या सगळ्या शाळांत आमची शाळा शेवटून पहिली होती आणि भर बैठकीत मला उभं करून विचारणा झाली होती. ते माझ्या मनातून जात नव्हतं. चहाच्या टपरीवर शिक्षक एकमेकांना हळूच सांगायचे, कच्च्या पोरांना त्या दिवशी घरी ठेवा, टक्केवारी आपोआप वर जाते. चाचणी पुन्हा मोहाच्या दिवसांत आली. म्हणजे गैरहजर मुलांबद्दल कोणी शंकाही घेणार नव्हतं. मी समितीच्या सभेत आठ नावं वाचली... खरं तर सात. आठवं नाव माझ्या तोंडून निघेना. सोनाबाईंनी सगळी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "अन् आमची रोशनी?" मी मान डोलावली. "त्यायले येत नाई म्हणून?" मी म्हटलं, एका दिवसाचा प्रश्न आहे बाई, शाळेसाठी.  त्या म्हणाल्या, "ज्याले येत नाई त्याच्यासाठीच तं शाळा ना गुरुजी?" मी आवाज चढवला. या कारभारातलं तुम्हाला काय कळतं, असं काहीतरी बोललो. तरी पोरांना त्या दिवशी घरी ठेवायचा निरोप त्यांनी आठ घरी जाऊन स्वतः दिला.

चाचणी छान झाली. बसलेल्या चौदा मुलांनी माझी मान उंच केली. पण चाचणी घ्यायला आलेल्या साहेबांजवळ दुसराही एक कागद होता, प्रत्यक्ष उपस्थितीचा. पट बावीस, हजर चौदा. त्यांनी मला विचारलं, बाकीची कुठं आहेत? मोहावर गेलीत, मी म्हणालो. रोजच जातात का? इथं मी एक शब्द बोललो असतो तर... मोहाखालच्या शाळेत बावीसच्या बावीस बसतात हे सांगितलं असतं, तर मग आजच का नाहीत, याचंही उत्तर द्यावं लागलं असतं. मी म्हणालो, हो साहेब, काही पोरं कधीच येत नाहीत. त्यांनी शेरा लिहिला. पट फुगवलेला आहे. ती आठ नावं शाळाबाह्य म्हणून कमी झाली आणि आमची शाळा वीसच्या आत आली. जूनमध्ये समायोजनाचं पत्र आलं, म्हणजे आमची शाळा बंद आणि मुलं दुसऱ्या शाळेत. टक्केवारी कोणी विचारलीच नाही.

गावाला मी सांगितलं, वरून आदेश आहे. सोनाबाईंनाही तेच सांगितलं. त्यांनी पत्र दोनदा वाचायला लावलं, दोन्ही वेळा सारखंच निघालं. मला सडकेवरच्या मोठ्या गावच्या शाळेत नेमणूक मिळाली. काही मुलं आश्रमशाळेत गेली, काहींनी पाटी कायमची ठेवली, आणि उरलेल्या नऊ जणांना, त्यांत पुन्हा नाव घातलेल्या रोशनीलाही, घेऊन सोनाबाई रोज सकाळी माझ्या फाटकाशी येऊ लागल्या. मुलांना नेण्यासाठी वाहन मिळणार होतं, ते अजून मिळायचं आहे. सागवानातून वाट, मध्ये नाला, नाल्याच्या वाळूवर कधी कधी ताजे पंजे. ऑगस्टात त्या वाटेवर एक गाय मारली गेली. वनविभागानं सावधानतेचा फलक लावला, तो चौथीच्या मुलांनी सोनाबाईंना न अडखळता वाचून दाखवला. मी रोज साडेदहाला फाटकाशी उभा राहून नऊ डोकी मोजायचो, आणि नऊ भरली की वर्गाकडे वळायचो. संध्याकाळी ती परत त्याच जंगलात शिरायची तेव्हा मात्र मी मोटरसायकलला किक मारून क्वार्टरवर जायचो. असं म्हणायला हवं की मी भ्यायलो होतो, वाघाला कमी आणि त्यांनी एक दिवस काही विचारलं तर, त्याला जास्त.

त्या गेल्यावर मुलं यायची थांबली. आठवडा गेला, दोन गेले, त्यांच्या नावापुढं मी गैरहजेरी मांडत राहिलो. सलग असंच चाललं तर हीही नावं कमी होतील, हे मला त्या गावापेक्षा जास्त ठाऊक होतं. शेवटी एका रविवारी गेलो. बंद शाळेच्या व्हरांड्यात आया, बाप आणि सोनाबाईंचे यजमान रैनूभाऊ जमले होते. मुलांना पाठवा असं सांगायला मी गेलो होतो, पण ते तोंडाशी येईना. तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. आठ नावं, साहेबांचा प्रश्न, माझं उत्तर. वरून आदेश नव्हता, माझ्या जिभेनं शाळा गेली. कोणीतरी शिवी हासडेल, उठून मारेल, याची तयारी करून गेलो होतो. शिवी आलीही, आणि ती मला पटली.

रैनूभाऊ मात्र जागचे हलले नाहीत. "तिले मालूम होतं," ते म्हणाले. जून महिन्यातच सोनाबाई तालुक्याला गेल्या होत्या. तिथल्या बाबूनं त्यांना शेरा वाचून दाखवला होता, त्यांनी तो दोनदा वाचायला लावला होता. काही पोरं कधीच येत नाहीत, असं तुमच्याच गुरुजींचं म्हणणं आहे, हेही त्यानं सांगितलं होतं. मी विचारलं, मग त्या बोलल्या का नाहीत? तक्रार केली असती तर शाळा कदाचित... "म्यायी हेच म्हंटलं तिले. तं म्हणे, तक्रार केली का गुरुजी घरी बसन. मंग आपल्या पोरायले चित्र झाकून कोण वाचवन? म्हणे, दूर असन पण त्याच्याच शाळेत नेते."  तीन-चार महिने रोज सकाळी ती बाई फाटकाशी येऊन मला हसून 'नमस्कार गुरुजी' म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटरसायकल त्या गावात लावली. आठच मुलं आली, एका आईनं ठाम नकार दिला आणि मला तिला आग्रह करवेना. दाट सागवानात सकाळीही अंधारून होतं. हातात काठी घेऊन मी मोठ्या रुबाबात रांगेच्या पुढं जाऊन उभा राहिलो. रोशनी जागची हलेना.

"गुरुजी, तुमी मांगं चाला," ती म्हणाली. "आजी मांगं राहे. वाघ मांगच्याले धरते."

मी मागं गेलो. पुढं मुलांनी मोठ्यानं दोनाचा पाढा सुरू केला आणि आम्ही जंगलात शिरलो.