तीर्थाचा हात

नितीश जेवायला बसला की आधी चमचा शोधायचा. हॅमिल्टनला आई-वडिलांकडे परत येऊन त्याला तीन आठवडे झाले होते आणि तिन्ही आठवडे त्याचे वडील, मधुकर, त्या चमच्याच्या मागे हात धुऊन लागले होते.

"साहेब, काटाही देऊ का? अकरा वर्षं इंग्लंडला राहिलास म्हणून भाताने बोटं झिजतात का रे?"

"सवय गेली, बाबा."

"सवय! नऊ वर्षांचा होतास तेव्हा आणलं तुला पुण्याहून इथे. कोपरापर्यंत आमटी असायची तुझ्या. आणि आता बघा ऐट, चमचा धरताना करंगळी बाहेर!"

आई हसायची, नितीशही हसायचा. अंगठा आणि पहिलं बोट, एवढ्यावर तो चमचा धरायचा. बाकीची तीन बोटं बाहेरच राहायची, कारण ती वळतच नव्हती.

तो गोलकीपर होता. इंग्लंडमध्ये पाचव्या-सहाव्या पायरीचे क्लब असतात. मैदानाला एका बाजूला पत्र्याचं छप्पर, प्रेक्षक तीनशे, त्यातही कुत्री धरून. अशा चार क्लबांत मिळून तो अकरा वर्षं होता. दिवसा गोदामात खोकी उचलायची, संध्याकाळी सराव. पण गोलकीपर एकच खेळतो आणि दुसरा बसतो. नितीश दुसरा. मॅचआधी पहिल्या कीपरचे हात गरम व्हावेत म्हणून त्याच्याकडे चेंडू मारायचे आणि मग जाड कोट घालून बाकावर बसायचं, हे त्याचं काम. एकदा आई-बाबा दोन आठवडे येऊन राहिले. त्यांनी तो कोट पाहिला, बाकी काही नाही.

अकरा वर्षांत एकोणीस मॅच. त्यातल्या सहा सलग, कारण पहिल्या कीपरवर बंदी आली होती. त्या सहांच्या आदल्या मंगळवारी सरावात कुणाचा तरी बूट त्याच्या पंज्यावर पडला. मुरगळलंय, असं म्हणून तिथल्या माणसाने पट्टी बांधली. डॉक्टरकडे जायचं तर शनिवारची मॅच हातची जाणार होती. नितीश गेला नाही. सहा आठवडे तो पट्टीवर हातमोजे चढवून खेळला आणि चांगला खेळला. पट्टी सुटली तेव्हा बोटं सुटी झाली होती, पण हलेनात. पुढची दोन वर्षं मोज्यांनीच त्याची लाज राखली. चेंडू पकडायचा नाही, तळव्याने बाहेर ढकलायचा. गोदामातही खोकी तो कवेत घेऊनच उचलू लागला.

आणि आता, एकतिसाव्या वर्षी, हॅमिल्टनच्या एका क्लबला पहिला कीपर हवा होता. कोचने त्याची दोन दिवस चाचणी घेतली आणि मेसेज पाठवला, 'स्वीट अ‍ॅज. झकास! शनिवारी तूच. सोमवारी मेडिकल करून घे.' बाबांनी लगेच इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, 'चिरंजीवांची मॅच शनिवारी. सर्वांनी यावे.' मग जाऊन दोन घडीच्या खुर्च्या आणल्या.

क्लबची मेडिकल डॉ. सुचित्रा करायच्या. त्या मंडळातल्याच, नितीशला लहानपणापासून ओळखणाऱ्या. गुडघे, छाती, रक्तदाब बघतील. हात कोण बघतं? नितीशने मनाशी सगळं बसवलं होतं.

रविवारी त्याच डॉक्टरांकडे सत्यनारायण होता. "डोकं दुखतंय," नितीश म्हणाला. "पूजेचं आमंत्रण टाळतात का?" आई म्हणाली.

आरती झाली. रांग लागली. सुचित्राकाकू स्वतः पळीने तीर्थ देत होत्या. नितीशच्या डोक्यात शिऱ्याचा विचार होता, तो चमच्याने मिळेल ना याचा. तेवढ्यात पळी समोर आली आणि त्याने हात पुढे केला.

तीर्थ तळव्यावर पडलं, सरळ राहिलेल्या तीन बोटांवरून ओघळलं आणि थेट गालिच्यावर गेलं.

"सांडलं रे," म्हणत काकूंनी पुन्हा पळी भरली. पुन्हा तेच. त्यांनी पळी ठेवली आणि त्याचा पंजा दोन्ही हातांत घेतला. "मूठ वळ."

बोट एकच वळलं.

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

"बोटं वळवणाऱ्या शिरा तुटल्यात, हे आता शिवून जमायचं नाही. आणखी एक मार बसला तर आहे तेही जाईल."

"काकू, एकच शनिवार. सोमवारी फक्त..."

"सोमवारी मी काकू नसते, नितीश."

मागे बाबा उभे होते, तीर्थासाठी ओंजळ पुढे धरून. ती त्यांनी हळूच खाली घेतली.

परतताना गाडी बाबांनीच चालवली. घरासमोर बाबांनी इंजिन बंद केलं, फोन काढला आणि ग्रुपवरचा मेसेज पुसला. पुसला, हे तिथे सगळ्यांना दिसतच राहिलं. आई उतरून आत गेली. मागच्या सीटवर खुर्च्या तशाच होत्या, किमतीच्या चिठ्ठ्यांसकट.

"डावा हात चांगला आहे ना तुझा?" बाबांनी समोर बघतच विचारलं.

"हो."

"मग तीर्थाला डावा करायचा होतास पुढे. म्हणायचं, उजव्याला लागलंय."

नितीशने विचार केला. लहानपणी तीर्थाला डावा हात पुढे केला की त्यावर चापट बसायची. चापट बाबांचीच.

"सुचलंच नाही, बाबा," तो म्हणाला. "हात आपला आपण पुढे गेला."