बालिकोवावर आलेला आळ

युगांडातल्या जिंजाच्या बाजारात नाइगागा कोण असं विचारलं, तर लोक विचारात पडायचे. जुळ्यांची आई म्हणून सगळे तिला नालोंगोच म्हणत. जुळी मुलं कधीच मोठी होऊन कंपालाला गेली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. उभ्या आयुष्यात तिने किती नवरीमुलींच्या गोमेसी, म्हणजे समारंभाचे पायघोळ झगे, शिवल्या, त्याला गणती नव्हती. डोळ्यांना सुईचं नेढं दिसेनासं झालं तेव्हा तिने शिलाईमशीन विकून कॅमेरा आणि एक वापरलेला लॅपटॉप घेतला. "आधी नवरीचे कपडे शिवत होते, आता तिचं अख्खं लग्न शिवते," असं ती हसत सांगायची.

कागोया नावाच्या नवरीच्या मागणीच्या समारंभाचं चित्रण मात्र लॅपटॉपला झेपेना. नवऱ्याकडचे वऱ्हाडी, नाच, भाषणं, सगळंच भरपूर. म्हणून नालोंगोने टॅक्सीतळाजवळच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या बालिकोवाकडून रॅमची, म्हणजे मेमरीची, आणखी एक पट्टी बसवून घेतली. लॅपटॉप वाऱ्यासारखा पळू लागला. ती खुशीत गाणं गुणगुणत चित्रणाची कापाकापी करत होती. नवरीचे काका भाषणाला उभे राहिले, हात वर केला, तोंड उघडलं, आणि पडदा तिथेच गोठला. बंद करून चालू केला. काका दोन वाक्यं बोलले आणि पुन्हा तोंड उघडं.

ती तडक दुकानात गेली. "काय रे बालिकोवा, हे काय घातलंस माझ्या लॅपटॉपात? काकांच्या तोंडात माशी जायची वेळ आली!"

"नालोंगो, जरा हळू. गिऱ्हाईकं पळतील."

"पळू देत!"

बालिकोवाने मागचं झाकण काढलं, दोन्ही पट्ट्या उपसल्या, त्यांची सोनेरी टोकं खोडरबराने पुसली आणि टक् आवाज येईपर्यंत पुन्हा दाबून बसवल्या. दोन्ही एकाच जातीच्या आहेत ना, तेही पाहिलं. दुकानात लॅपटॉप शहाण्यासारखा वागला. घरी नेल्यावर काका पुन्हा गोठले.

आता मात्र नालोंगो रस्त्यातूनच ओरडत आली. "नकली माल विकतोस! ऐकलंस का गं जेनिफा, हा नकली माल विकतो!"

समोर मासे तळणाऱ्या जेनिफाने झारा हवेतच धरला. बालिकोवाचा चेहरा पडला. "मला काय हवं ते बोला, पण मालाला नाव ठेवू नका," तो म्हणाला. "एक पट्टी काढून बघा, मग दुसरी. दोष माझ्या पट्टीचा निघाला तर भर चौकात शिव्या द्या."

हे तिला पटलं. मशीनवर दोरा तुटायला लागला की ती आधी सुई बदलायची, मग दोरा, मग बॉबिन. सगळं एकदम बदललं तर चूक कुठे होती ते कळत नाही. घरी येऊन तिने नवी पट्टी काढून बाजूला ठेवली. "आता बघ कसा पळतो माझा जुना घोडा," म्हणत भाषण लावलं.

काका गोठले.

नालोंगोने बंद करून चालू केला, तरी तेच. मग जुनी काढून एकटी नवी बसवली. काकांनी भाषण पुरं केलं, वर नाचलेही. तिचा विश्वास बसेना. तिने त्याच खाचेत जुनी बसवली आणि मेमरी तपासायचा प्रोग्रॅम लावला. पडदा लाल ओळींनी भरून गेला. तिची स्वतःची, इतकी वर्षं सांभाळलेली पट्टीच सडकी होती. तिला आधी हसू आलं, मग कानशिलं तापली.

दुसऱ्या दिवशी ती चौकात उभी राहिली. "जेनिफा, ऐक गं! कालचं माझं बोलणं खोटं. याचा माल चोख आहे, माझाच कुजका निघाला!"

"मला मधलं ऐकू आलं नाही," बालिकोवा दुकानातून म्हणाला.

"अरे गाढवा, चोख आहे म्हणाले!"

आजूबाजूचे सगळे हसले. तोही हसला. "थोडी चूक माझीही आहे, नालोंगो. नवी बसवताना मी फक्त नवीच तपासली. जुनीचा बिघडलेला भाग आधीच्या छोट्या कामांत कोपऱ्यात पडून असणार, एवढ्या मोठ्या फिल्मला तो वापरात आला. मी जुनीही तपासायला हवी होती."

"मग बस की, तुझ्याच हाताने नव्या पट्टीला चांगली जोड बसव. तोवर मी मासे आणते."

दोघांनी कागदावरच तळलेला मासा खाल्ला. रविवारी कागोयाच्या घरी फिल्म लागली. अंगणात चटया कमी पडल्या. काकांचं भाषण लोकांनी गप्प बसून ऐकलं आणि संपल्यावर पुन्हा लावायला लावलं. काका मान हलवत म्हणाले, "मी इतकं छान बोललो होतो? मला आठवतच नाही!" मागच्या रांगेत बालिकोवा शिजवलेल्या हिरव्या केळ्यांचे मटोके खात बसला होता, आणि नालोंगो येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या दुकानाचा पत्ता सांगत होती.