ज्येष्ठातले थोडे दिवस

सुगनभाऊ मंगळवारी दुपारी वारले. दुकानात कापड मोजताना खाली बसले आणि उठले नाहीत.

रिसोडला त्यांचं कापडाचं दुकान होतं. नवा तागा आला की ते कापडाचा पदर ओठांना लावून फुंकायचे. हवा आरपार गेली की तागा बाजूला. एकदा एक बाई म्हणाली, "भाऊ, मले पोलकं शिवाचं हाय, उडाचं नाही."

"मले उडाचं हाय ना, बाई. तुमी तुमचं घेऊन जा."

ही थट्टा नव्हती. विमानं येण्याआधी ऑस्ट्रेलियातल्या एका माणसानं चार पेटी-पतंग एका दोरीला बांधून स्वतःला जमिनीवरून उचललं होतं, हे मीच त्यांना आमच्या शाळेच्या पुस्तकातून वाचून दाखवलं होतं. दोन्ही टोकांना उघडं खोकं असावं तसा तो पतंग. डोलत नाही, वारा धरून उभा राहतो. पुढे विमानाचे दुहेरी पंख त्याच बांधणीवरून आले. भाऊंनी ते पान पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "म्हंजे विमान पह्यले दोरीले बांधेल होतं, मास्तर. दोरी मंग सुटली. मले दोरीवालंच पाह्यजे. वीतभर उचललं तरी बस."

माणूस उचलेल असा वारा आमच्याकडे ज्येष्ठ सरताना सुटतो आणि आषाढात टिकतो. पण आषाढातच चातुर्मास लागतो. भाऊ जैन. पायाखाली जीव मरतात म्हणून ते चार महिने रानात पाऊल टाकत नसत. हाती उरत ते थोडे दिवस.

पहिल्या वर्षी मालेगावच्या वाटेवरच्या एका शेतात ट्रॅक्टरला दोरी बांधून घरी बनवलेले चार पेटी-पतंग चढवले आणि दोरीला वाळूचं पोतं टांगलं. पोतं उठलं. पुढच्या वर्षी पाऊस आधीच आला. गेल्या वर्षी भाऊ दोरीला टांगलेल्या पाटावर रोज बसून राहिले, पण पान हललं नाही. वारा सुटला तो चातुर्मास लागल्याच्या दुसऱ्या दिवशी.

मी दुकानात धावत गेलो. "भाऊ, आजचा एक दिवस. कोण पाहतंय?"

"मी पाहून राह्यलो ना," ते म्हणाले. "कायले घाई करता, मास्तर? वारा काही गाव सोडून नाही चालला."

बाहेर ताडपत्री फडफडत होती. त्यांनी उठून ती बांधली आणि गिऱ्हाइकाला साड्या दाखवायला बसले.

हिवाळ्यात त्यांनी चारही पेट्या उसवल्या आणि हलक्या कामट्या घालून पुन्हा बांधल्या. शिवण त्यांच्या पत्नीनं, कमलाबाईंनी घातली. "आपटले तं कण्हत माह्याकडं येऊ नका," असं बजावत घातली.

काल कमलाबाईंनीच मला बोलावलं. "हे पतंग घेऊन जा, मास्तर. घरात ठेवले तं मीच बसीन एखाद्या दिवशी."

चारही पतंग आता माझ्या ओसरीत आहेत. दोरी आहे, पाट आहे. ज्येष्ठ लागला आहे. माझं वजन भाऊंपेक्षा कमी भरतं.