कमानीचा खर्च

गुटख्याचा वास आला की मला बेंबळी गावातलं आमचं अंगण आठवतं. नव्या घराचा खर्च काढायला मिस्त्री आला होता. तोंडात तोबरा भरून तो लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर सिमेंट, गज, वाळू लिहीत होता आणि मधूनमधून आमच्या तुळशीच्या कट्ट्यापाशी पचकन थुंकत होता. एकूण आकडा ऐकून सासऱ्यांचं तोंड उतरलं. "कमान ऱ्हाऊ द्या मालक, रस्त्यावरनं तीच दिसती. संडास कमी करू," मिस्त्री म्हणाला. उंबऱ्यात बसलेल्या सासूबाई हळूच म्हणाल्या, "माझं गुडघं वाकत न्हाईत आता. तेवढा संडास ऱ्हाऊ द्या." "रान कुठं पळून चाललंय व्हय?" सासरे म्हणाले आणि मिस्त्री आणि ते दोघंही खदाखदा हसले. मिस्त्रीनं संडासाच्या ओळीवर रेघ ओढली, तेव्हा मी चहाचे कप घेऊन तिथंच उभी होते. कमान लई देखणी झाली. पाहुणे अजून तिच्याखाली फोटो काढतात. मला मात्र तिच्याखालून पहाटे लोटा घेऊन, भिंत धरत रानाकडं निघालेल्या सासूबाई दिसतात, आणि त्या दोघा हसणाऱ्यांना 'साखर पुरेशी आहे ना?' असं विचारणारी मी.