साडेतीन हजारांचं हेल्मेट

निवृत्त झाले आणि पहिल्याच वर्षी माझ्या लक्षात आलं, की रविवार हा नोकरीवाल्यांचा वार असतो. बोर्लीजवळच्या एका शाळेत मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं, रोज सायकलने गेले आणि आले. लग्न केलं नाही, आई गेली, भाऊ मुंबईला. सुपारीच्या वाडीत उरले मी आणि माकडं. काही दिवस तर तोंडातून पहिला शब्द निघायचा तो माकडांना दिलेली शिवी.

अशात गावातल्या डॉक्टरीणबाईंनी बायकांचा सायकल गट काढला. चौघीजणी होत्या. रविवारी सकाळी दिवेआगर, तिथून समुद्राच्या कडेने शेखाडी, तिथे चहा आणि परत. मला विचारलं तेव्हा मी इतक्या घाईने हो म्हटलं, की माझी मलाच लाज वाटली. अट एकच होती, हेल्मेट हवंच.

त्यासाठी पनवेलला गेले, तेव्हा कळलं की सायकल चालवणं हा आता पैसेवाल्यांचा नाद झालाय. दुकानदाराने आधी बुडाला गादी शिवलेली चड्डी दाखवली. तिच्या किमतीत माझ्या दोन सुती साड्या आल्या असत्या. मग अर्ध्या बोटांचे हातमोजे. बोटं अर्धी, पैसे पूर्ण. हेल्मेट साडेतीन हजारांचं. माझी अख्खी सायकल त्याहून स्वस्त आली होती. हातात घेतलं तर कागदासारखं हलकं. आत नुसतं थर्मोकोल आहे की हो, असं मी म्हटलंही. वादळात निम्म्या पोफळी आडव्या झाल्यापासून माझा हात आखडलेलाच असतो. पण खरं सांगते, शेखाडीच्या त्या चहासाठी मी चार हजारही दिले असते.

सात रविवार गेले. टपरीच्या बाकावर आम्ही पाचजणी दाटीवाटीने बसायचो. सुना, सासवा, सुरमईचा भाव, कुणाच्या बँकेतला खडूस साहेब. मी बुधवारपासूनच सांगण्यासारखं काही घडतंय का बघत राहायची. काही घडलं नाही तर माकडांचं थोडं तिखटमीठ लावून सांगायची, आणि त्या हसायच्या.

आमच्याकडची खारी हवा लोखंडाला जगू देत नाही. कडी, कुलूप, शिलाई मशीन, सायकलची साखळी, सगळं रॉकेलच्या चिंधीने पुसायचं आणि वर खोबरेल लावायचं, ही घरोघरची रीत. रॉकेल मिळेनासं झाल्यापासून मी बाटलीभर पेट्रोल आणून ठेवते. एका शनिवारी दुपारी हेल्मेटच्या मागच्या स्क्रूवर तांबूस ठिपके दिसले. बसले चिंधी घेऊन. स्क्रू पुसले, घामाचा वास येत होता म्हणून आतूनही छान पुसलं, आणि ओली चिंधी आतच ठेवून जेवायला गेले. परत येऊन बघते तर थर्मोकोल विरघळून चिकट झालेलं, आणि मधल्या खड्ड्यात माझी चार बोटं सहज बसत होती.

थर्मोकोल पेट्रोलमध्ये विरघळतं, हा प्रयोग मी दरवर्षी सातवीच्या वर्गात करून दाखवायची. मुलं टाळ्या वाजवायची.

एवढं कबूल केलं असतं तर काय बिघडलं असतं? त्या दोन दिवस हसल्या असत्या, एखादीने जुनं हेल्मेटही दिलं असतं. पण तीस वर्षं सगळ्या गावाची बाई असलेल्या माणसाला हे जमत नाही. पुन्हा साडेतीन हजार घालायचीही छाती होईना. मी डॉक्टरांना फोन केला आणि गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. एका रविवारापुरतं खोटं, असा माझा हिशेब होता.

मंगळवारी डॉक्टर मलमाची ट्यूब घेऊन स्वतः घरी आल्या. त्यांनी गुडघा दाबला, वाकवला. बासष्टाव्या वर्षी कुणाचाही गुडघा करकरतो, माझाही करकरला. इथे दुखतं का, असं त्या जिथे जिथे विचारत होत्या, तिथे तिथे मी हो म्हणत गेले.

"बाई, आता सायकल बंद," त्या म्हणाल्या. "तीन महिने तरी. आणि मला न विचारता परत सुरू करायची नाही."

मी चहा ठेवते म्हटलं, पण त्यांचे पेशंट खोळंबले होते. त्यांचा दवाखाना बाजाराच्या नाक्यावरच आहे, त्यामुळे आता भाजीलासुद्धा मी चालतच जाते. सायकलवर गोणपाट टाकलंय. साखळीला गंज चढत असणार, पण पुसायला हात होत नाही.

दर रविवारी साडेसहाला त्या माझ्या फाटकासमोरून जातात. गेल्या महिन्यापासून पुन्हा पाचजणी झाल्यात. न थांबता घंट्या वाजवतात, बाई, गुडघा कसाय, म्हणून ओरडतात. मी पडवीत उभी असते. एक हात वर करते आणि दुसरा, न विसरता, गुडघ्यावर ठेवते.